लोण्यासारखा चाप

जळगावात मी बंदुकीच्या दुकानात कारागीर होतो असं सांगितलं, की माणसं आधी माझ्या हातांकडे बघतात आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "मग तुम्ही कोणावर चालवली का कधी?" अहो, कुलपं दुरुस्त करणाऱ्याला कोणी विचारतं का, की तुम्ही घरं किती फोडली? पाव शतकाहून जास्त काळ मी लोकांच्या बंदुका उघडल्या, पुसल्या, जुळवल्या. बार काढले ते फक्त दुकानाच्या मागच्या अंगणात, वाळूने भरलेल्या एका मोठ्या लाकडी पेटीत. तेवढ्या परवानगीचा कागद दुकानाकडे होता, आणि तो भिंतीवर चौकटीत लावलेला असायचा.

आम्ही शिंदखेड्याकडचे, बौद्ध. घरात सकाळी वंदना व्हायची आणि नऊ वाजता मी डबा घेऊन बंदुकांकडे निघायचो. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं बायको दारात उभी राहून अहिराणीत टोमणा मारायची, "घरमा बुद्धवंदना, दुकानमा बंदुका. तुमनं बठ्ठं उलटंच शे." मी म्हणायचो, मी आयटीआयचा फिटर, पंपाच्या दुकानात लागलो असतो तर पंप केले असते. पण खरं सांगतो, मला ते काम मनापासून आवडायचं. पोलादाचे दोन तुकडे एकमेकांत केसाचंही अंतर न ठेवता बसवायचे, यात जी मजा आहे ती मला दुसऱ्या कशात आली नाही.

आता गिऱ्हाईक कोण, तर केळीचे बागाईतदार, कापसाचे व्यापारी, पेट्रोलपंपवाले, एखादा निवृत्त फौजदार. नावाजलेल्या विलायती रिव्हॉल्व्हरची किंमत ऐकूनच त्या काळी घाम फुटायचा, कारण बाहेरून माल येणं बंद झालेलं होतं. मग उरलेले लोक स्वस्तातला मार्ग धरायचे. कुणीतरी विकायला काढलेलं जुनं रिव्हॉल्व्हर, नंबर स्पष्ट, पण कंपनीचं नाव आमच्या शेठनीसुद्धा कधी ऐकलेलं नसायचं. गिऱ्हाईक ते हातात घ्यायचं, जड आहे म्हणून खूश व्हायचं आणि विचारायचं, "मिस्तरी, भरवशाचं आहे ना?"

भरवसा म्हणजे काय, ते नवख्या माणसाला समजेल असं सांगतो. रिव्हॉल्व्हरला मधोमध एक चक्री असते, तिला सहा घरं. प्रत्येक घरात एक काडतूस. खालचा चाप ओढला, की मागचा घोडा उचलला जातो, चक्री एक घर पुढे सरकते आणि घोडा काडतुसाच्या बुडावरच्या टोपीवर आपटतो. टोपी पेटली तर बार, नाही तर नुसतं ठक. बस्स, एवढंच यंत्र. पण चक्री सहाही वेळा नळीच्या बरोबर समोर थांबली पाहिजे, आणि घोडा सहाही वेळा जोरात आपटला पाहिजे. पाच वेळा चाललं म्हणजे चाललं, असं या धंद्यात नसतं.

हे तपासायचा खरा उपाय एकच, बार काढून बघणं. आणि नेमकं तेच आमच्याकडे कुणी करायचं नाही! परवान्यावर काडतुसं मोजकीच मिळायची. त्यामुळे लोक ती देव्हाऱ्यातल्या नाण्यासारखी जपायचे. एक मुख्याध्यापक होते, त्यांनी आपलं रिव्हॉल्व्हर गव्हाच्या कोठीत ठेवलेलं. माझ्याकडे आलं तेव्हा नळीतून गव्हाचे दाणे आणि एक मेलेला किडा निघाला. मी म्हटलं, "गुरुजी, कधी उडवून बघितलंत का?" तर म्हणाले, "छे हो, काडतुसं संपतील ना!" चोपड्याचे एक नाना दर दसऱ्याला रिव्हॉल्व्हरला तिळाचं तेल चोळून वर हळदकुंकू वाहायचे. घोडा जिथून आत जातो ते बारीक भोक कुंकवाने पार लिंपून गेलेलं. मी सुईने कोरून काढत होतो तर नाना कळवळून म्हणाले, "हळू मिस्तरी, पूजेचं आहे ते."

मी लोकांना हसायचो. आमच्या दुकानाची तऱ्हा मात्र त्याहून वेगळी नव्हती. शेठनी मला पारख शिकवली ती हाताची आणि कानाची. रिकामं रिव्हॉल्व्हर कानाशी धरायचं, चाप ओढायचा, चक्रीचा आवाज ऐकायचा. चाप मऊ लागला, आवाज गोड आला, की माल चांगला. जळगावात सगळे असंच करत. गिऱ्हाईकही चाप ओढून बघायचं आणि म्हणायचं, "वा, लोण्यासारखा आहे." तिथे सौदा पक्का. माझ्या हाताची तर बाजारात ख्याती होती. "मिस्तरीने चाप ओढून मान डोलावली की डोळे झाकून घ्या," असं शेठ सांगायचे, आणि मी वर छाती काढून उभा राहायचो. गाढव होतो मी. पण ते कळायला अकरा वर्षं जायची होती.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सावद्याजवळच्या मळ्यातले एक केळीवाले भाऊ आले. भागवतभाऊ नाव. गावापासून लांब, स्वतःच्या बागेतच घर बांधून राहणारे. शेजारच्या मळ्यात चोरी झाली म्हणून परवाना काढलेला. खिशाला परवडेल असं एकच रिव्हॉल्व्हर दुकानात होतं, तसलंच, बिननावाचं. मी कानाशी धरलं, चाप ओढला. काय सांगू, इतका मऊ चाप मी तोवर पाहिला नव्हता. मी मान डोलावली. पुढे दरवर्षी दिवाळीआधी भागवतभाऊ ते साफ करायला आणायचे, मी चाप ओढून कौतुक करायचो, आणि ते डझनभर केळी ठेवून जायचे. काडतुसं पहिल्याच वर्षी घेतलेली. एकही उडवलं नव्हतं.

अकराव्या वर्षी भाऊ गेले. छातीत कळ आली आणि बागेतच बसले ते बसलेच. माणूस गेला की त्याचं हत्यार दुकानात किंवा पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं, आणि वारसाला पुन्हा अर्ज करावा लागतो. त्यांच्या थोरल्या भावाने ते आमच्याकडे आणून दिलं. सगळे त्यांना आबा म्हणत. शांत, जाडजूड, जरा धास्तावलेला माणूस. अर्ज कोणाच्या नावाने करायचा, असं शेठनी विचारलं, तर आबा कसनुसं तोंड करून म्हणाले, "तिच्या."

ती म्हणजे भागवतभाऊंची बायको, विमलअक्का. घरात भांडण काय चाललंय ते आबांनीच मला चहा पिताना सांगितलं. त्यांचं म्हणणं, अक्काने दोन पोरी घेऊन गावातल्या घरी यावं आणि बाग निम्म्या वाट्याने कसायला द्यावी. अक्का म्हणे, बाग मी लावली, मीच सांभाळणार, मळ्यातून हलणार नाही. शेवटी घरातल्या चार माणसांसमोर ठरलं, की परवाना अक्काच्या नावावर झाला आणि रिव्हॉल्व्हर धड चालत असलं तर तिने मळ्यात राहावं. नाहीतर मुकाट्याने गावात यायचं. "मिस्तरी, मी काही वैरी नाही हो तिचा," आबा म्हणाले. "पण रानात एकटी बाई. उद्या काही झालं तर भावाला काय तोंड दाखवू?" बोलता बोलता त्यांचे डोळे भरले.

कलेक्टर कचेरीत अक्काने किती खेटे घातले ते तिलाच ठाऊक. बाईमाणसाला रिव्हॉल्व्हर कशाला, असं तिला टेबलागणिक विचारलं गेलं. पण सहा-सात महिन्यांनी परवाना आला. एका सकाळी ती आणि आबा दोघं दुकानात हजर. अक्का चाळिशीतली, उंच, उन्हाने रापलेली, हाताला केळीच्या चिकाचे काळे डाग. थोरल्या दिरासमोर तोंड वर करून बोलायचं नाही ही त्यांच्याकडची रीत. त्यामुळे ती पदर पुढे ओढून सगळं माझ्याकडे बघून बोलायची आणि ऐकवायचं असायचं आबांना. आबाही उत्तर मलाच द्यायचे. मी मधल्या मधे टेलिफोनच्या तारेसारखा.

"मिस्तरीभाऊ, मले एक सांग. हे चालते का?"

"चालतं ना अक्का. एकदम फर्स्ट क्लास," असं म्हणून मी सवयीने कानाशी धरून चाप ओढला. "बघा, लोणी आहे लोणी."

"लोनी मह्या घरी हाये," अक्का म्हणाली. "नुसतं दाबून नको दाखवू. उडवून दाखव. ज्याले पाह्याचं हाये त्याले पाहू दे."

शेठनी कपाळाला आठ्या घातल्या. काडतुसं वाया जाणार, दुसरं काय. पण गिऱ्हाईक हटून बसलं. आम्ही मागच्या अंगणात गेलो. मी भागवतभाऊंची जपून ठेवलेली सहा काडतुसं भरली, पेटीसमोर उभा राहिलो आणि चाप ओढला.

ठक.

दुसरं, ठक. तिसरं, ठक. चौथ्याला बार झाला आणि भिंतीवरची कबुतरं उडाली. पाचवं ठक, सहावं ठक. आबांनी अक्काच्या दिशेने हात उघडून दाखवला, की झालं ना आता?

"काडतुसं जुनी आहेत," शेठ घाईने म्हणाले. मलाही तेच वाटलं, खरं म्हणजे वाटून घ्यायचं होतं. दुकानातली नवी सहा आणली. दोन उडाली, चार नाही. न उडालेल्यांच्या टोप्या मी उन्हात धरून पाहिल्या. घोड्याचा ठसा पडलेला होता, पण हलका, भाकरीच्या पिठावर बोट टेकवावं तसा. मी रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, टेबलावर नेलं आणि त्याची बाजूची पट्टी उघडली.

आत घोड्याला जोर देणारी स्प्रिंग असते. ती कुणीतरी कानशीने घासून बारीक केलेली होती. आमच्या दुकानात यायच्याही आधी कधीतरी, चाप मऊ लागावा आणि माल लवकर खपावा म्हणून. कानशीच्या रेघा जुन्या, तेलाने काळ्या पडलेल्या, पण रेघा त्या रेघाच. जो मऊपणा मी अकरा वर्षं नावाजला, तोच या हत्याराचा रोग होता. स्प्रिंग ढिली म्हणून चाप मऊ, आणि म्हणूनच घोड्यात जीव नाही.

समोर तिघं उभे. वापरून वापरून झिजली, एवढं म्हटलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. शेठ डोळ्यांनी तेच सांगत होते. पण भागवतभाऊंनी दरवर्षी ठेवलेली केळी मला आठवली, आणि माझीच मला लाज वाटली. मी म्हटलं, "अक्का, हे झिजलेलं नाही. घेतलं त्या दिवसापासून हे असंच आहे. तेव्हा मीच पास केलं. चूक माझी आहे."

शेठ तरातरा आत निघून गेले. आबा मटकन खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "मिस्तरी, सांगा आता तिला. सामान बांधायला घे म्हणावं."

अक्काने त्या स्प्रिंगवर बोट ठेवून विचारलं, "म्हंजे इकत घेतलं तवापासूनच बंद?"

"हो अक्का. सहातले एक-दोन उडाले असते."

"अन पोरींचे बाप हप्त्यातून तीन दिवस माल भरायले जायचे, तवा हे त्यांच्याच कमरीले असायचं." बोट रिव्हॉल्व्हरकडे, डोळे माझ्याकडे, आवाज आबांसाठी. "मळ्यात मी अन दोन पोरी. मंग मिस्तरीभाऊ, अकरा वर्सं आमची राखन कोनी केली?"

तिला उत्तर माझ्याकडून नकोच होतं.

"तू विचार ना," ती म्हणाली, "ज्याले सामान बांधाची घाई झाली त्याले विचार. पिस्तूल चाललं तरच बाई राहीन म्हने. ते तर कधीच चालत नव्हतं. बाई राह्यलीच ना?" आणि ती हसायला लागली. आधी तोंडावर पदर धरून, मग खो खो. हसता हसता रडू लागली. नवरा गेल्यापासूनचं सगळं साठलेलं असावं. आबा उठले, माठातलं पाणी तांब्यात भरून तिच्यासमोर ठेवलं. बोलले मात्र मलाच, "हिला म्हणावं पाणी पी."

मी म्हटलं, मला एक महिना द्या. नवी स्प्रिंग बनवतो, सगळं नीट जुळवतो, एक पैसा घेणार नाही. आबांनी होकाराची मान हलवली. महिनाभर तिला राहू दे मळ्यात, मग बघू. तेवढ्यावर दोघं गेले.

त्या महिन्यात मी दुसरं काम जवळजवळ केलंच नाही. शेठ धुसफुसत होते, तुझ्या खरेपणाने दुकानाचं नाव जाईल म्हणून. मी पहिल्यांदाच त्यांना उलटून बोललो. म्हटलं, नाव गेलं तर माझं गेलं, तुम्ही खुशाल मला काढून टाका. काढलं नाही. दोन स्प्रिंगा जमल्या नाहीत, तिसरी जमली. चाप आता घट्ट झाला, ओढायला बोटात ताकद लागायची. बाजारात कुणी त्याला लोणी म्हटलं नसतं. पण पेटीत काढले तेव्हा सहाच्या सहा बार झाले. नळी गार होऊ दिली, पुन्हा सहा. त्या दिवसापासून मी नियम केला, की बार काढल्याशिवाय मान डोलावायची नाही. शेठनी विरोध केला, मग सवय केली, आणि दोन वर्षांत जाहिरातीच्या पाटीवरच लिहिलं, 'येथे उडवून खात्री करून दिली जाते.' जसं काही त्यांचीच कल्पना!

मी सावद्याला पोस्टकार्ड टाकलं, काम झालंय, या. कोणी आलं नाही. दुसरं टाकलं. तेव्हाही नाही. महिन्याचे तीन महिने झाले. माझ्या मनात नाही नाही ते येऊ लागलं. गेली असेल गावात, दिली असेल बाग वाट्याने. माझ्या एका मान डोलावण्यापायी तिचा मळा सुटला, असं मी बायकोला म्हटलं. ती म्हणाली, "जाई पहा ना मंग. आठे बसीसन काय हुई?" खरंच, इथे बसून काय होणार होतं? मी रविवारी जायचं ठरवलं, तर शुक्रवारी दुकानासमोर जीप थांबली. अक्का, तिच्या दोन्ही पोरी आणि मागून आबा.

आबांच्या धोतराला चिखल लागलेला. मी विचारलं, "आबा, हे काय?"

"काय सांगू मिस्तरी," ते म्हणाले. "महिनाभर रोज बघायला जायचो, तिचं ठीक आहे ना म्हणून. पोरींच्या तोंडून निरोप आला, नुसतं बसून काय करता म्हणे, बागेच्या पाण्याची पाळी धरा. तेव्हापासून धरतोच आहे. घरात बायको म्हणते, आता खाटही तिकडेच न्या." तक्रार करत होते, पण चेहरा खुललेला होता.

"तोडनी सुरू होती भाऊ," अक्का मला म्हणाली. "गाड्या भरू राह्यलो होतो. तुह्या पिस्तुलापायी टाइम कुठून काढू? आन इकडे. आज मी उडवते."

परवाना तिचाच होता. मी रिव्हॉल्व्हर भरून दिलं, दोन्ही हातांनी कसं धरायचं ते दाखवलं. आबा उत्सुकतेने अगदी जवळ आले. अक्काने मान वळवली आणि सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाली, "आबा, जरा मागं सरका." आबा गुपचूप सरकले. मग तिने दात आवळून चाप ओढला. पहिल्या बाराला दचकली, दुसऱ्यापासून नाही. सहाच्या सहा. पोरींनी कानातली बोटं काढून टाळ्या वाजवल्या.

तिने ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "झालं का तुह्या मनासारखं, मिस्तरीभाऊ?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला त्या हत्याराशी काही देणंघेणं उरलेलं नव्हतं. भर तोडणीतून वेळ काढून, जीप करून, ती माझ्यासाठी आली होती. मी मान डोलावली.

"मंग आता इकून टाक हे," अक्का म्हणाली. "घेनाऱ्याले उडवून दाखवजो आधी. चला आबा, पाण्याची पाळी सुटीन." पोरी आधीच जीपमध्ये जाऊन बसल्या होत्या.